शब्दचर्चा : शेऱ्याच्या रकान्यात ‘बंदी’ लिहू का?

ग्रंथपाल, आर्वी तालुका

नमस्कार मंडळी. शब्द एकच विचारायचा आहे, पण त्यापायी आठ दिवस माझी नोंदवही अडली आहे.

आमचं गावचं वाचनालय ड वर्गाचं. एक खोली, चार लोखंडी कपाटं, दोन बाकं, पेपरांचं टेबल. गेल्या महिन्यात एका कादंबरीवरून गावातली काही माणसं तक्रार घेऊन आली. गोष्ट अशी की एक बाई नवरा सोडते आणि तालुक्याच्या गावी खानावळ काढते. पोरी बिघडतील, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण ते चांगलं की वाईट हा इथला विषय नाही. समिती बसली आणि ठराव झाला : ‘सदर पुस्तक तूर्त देवघेवीतून बाजूला ठेवावे.’ अध्यक्ष मला म्हणाले, “भाऊ, बंदीगिंदी असं काही लिहू नका.”

दाखल नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तिथे मी आजवर चारच शब्द लिहीत आलो : जीर्ण, गहाळ, बाद, बांधणीस. हे पुस्तक जीर्ण नाही. गहाळ नाही, माझ्याच कपाटात आहे. शिलाई पक्की आहे, कोपरेही मुडपलेले नाहीत. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर सात शिक्के आहेत, म्हणजे सात जणांनी ते घरी नेलं आणि परत आणून दिलं. मग काय लिहू? बंदी, मनाई, जप्त, राखीव, बाद, यांतला नेमका फरक कोणी समजावून सांगेल का? खोटा शब्द लिहायची माझी तयारी नाही.

निवृत्त शिक्षक, अमरावती जिल्हा

भाऊ, प्रश्न फार महत्त्वाचा विचारलात. ‘बंदी’पासून सुरू करतो.

मराठीत दोन ‘बंदी’ आहेत. एक संस्कृत, ‘बंदिन्’वरून आलेला, म्हणजे कैदी. दुसरा फारसीतून आलेला, बांधणे या अर्थाचा. हा दुसरा आपल्याकडे इतका रुळला की त्याची परकेपणाची जाणीवच उरली नाही. त्यातही पुन्हा दोन वाटा फुटतात. तटबंदी, जमाबंदी, मोर्चेबंदी यांत काहीतरी उभं राहतं, नीट लावलं जातं. दारूबंदी, जमावबंदी, चराईबंदी यांत काहीतरी थांबवलं जातं. शब्दाचा शेवट एकच, काम मात्र उलट.

आपल्या भागात तर ‘बंदी’ म्हटलं की आधी दारूच आठवते. वर्ध्याला दारूबंदी, गडचिरोलीला १९९३पासून, चंद्रपूरला २०१५ ते २०२१. त्यामुळे ‘पुस्तकावर बंदी’ हे शब्द खेड्यातल्या माणसाच्या कानावर पडले की त्या पुस्तकात दारूसारखं काही असणार, असं तो वाचण्याआधीच धरून चालतो. शब्दाने निकाल आधीच लावलेला असतो. म्हणून हा शब्द जपून वापरावा असं माझं मत आहे.

‘मनाई’ आणि ‘मज्जाव’ हेही वेगळे काढा. मनाई कृतीला होते : थुंकण्यास मनाई, फोटो काढण्यास मनाई. मज्जाव माणसाला होतो : त्याला आत यायला मज्जाव केला. पुस्तकाला मज्जाव केला असं आपण म्हणत नाही. तुमच्या गावात खरं पाहता मज्जाव झाला आहे तो वाचणाऱ्या पोरींना.

‘बाद’ तर मुळीच लिहू नका. बाद म्हणजे निकामी. एकदा बाद लिहिलं की उद्या निर्लेखनाची, म्हणजे वहीतून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी निघेल तेव्हा ते पुस्तक रद्दीत जाईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

वकील, नागपूर

गुरुजींनी छान उलगडून सांगितलं. मी कायद्याच्या बाजूचं सांगते.

ज्याला आपण बोलताना ‘सरकारने पुस्तकावर बंदी घातली’ म्हणतो, त्याला कायद्यात ‘सरकारजमा’ करणं म्हणतात. ‘समपहरण’ असाही एक जड शब्द भेटतो. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५मध्ये होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८मध्ये आहे. राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि आपलं असं मत का झालं याची कारणं तिच्यात लिहावी लागतात. कारणं न देता नुसतं ‘आक्षेपार्ह’ म्हणून चालत नाही. त्या पुस्तकाशी ज्याचा हितसंबंध आहे तो दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाऊ शकतो आणि तिथे तीन न्यायमूर्तींचं खास पीठ ते ऐकतं. बाहेर देशात छापलेलं पुस्तक अडवायचं तर वाट निराळी, सीमाशुल्क कायद्याची. तिथे पुस्तकाची आयात रोखली जाते.

‘जप्त’ हा त्यापुढचा भाग. अधिसूचना निघाल्यावर पोलीस प्रत्यक्ष प्रती उचलतात, ती जप्ती. आपल्या शेतकऱ्याला हा शब्द कर्जवसुलीतून चांगला ओळखीचा आहे. जप्ती कोणीही करू शकत नाही, त्याला अधिकार आणि कागद लागतो.

म्हणजे दादा, तुमच्या समितीला बंदी घालता येत नाही, जप्तीही करता येत नाही. ती फक्त आपल्या मालकीचं पुस्तक द्यायचं थांबवू शकते. अध्यक्षांचं ‘बंदी लिहू नका’ हे म्हणणं शब्दापुरतं बरोबर आहे. पण यातच मला मोठी काळजी वाटते. सरकारजमा पुस्तकाला कारण असतं, तारीख असते, दाद मागायला जागा असते. कपाटात ठेवून दिलेल्या पुस्तकाला यातलं काहीच नसतं. अशी पुस्तकं किती, हे मोजणारही कोण?

कापूसवाली, यवतमाळ जिल्हा

मी शब्दांची जाणकार नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे ‘बंदी’वर बोलताय. आमच्या घरी हा शब्द कधी कोणी उच्चारला नाही. आमच्याकडे ‘ठेवून दे’ होतं. “ठेवून दे ते, तुझ्या कामाचं नाही.” “ठेवून दे, आधी भांडे घास.” बापाने माझ्या हातचं पुस्तक कधी फाडलं नाही की जाळलं नाही. माळ्यावरच्या कोठीत ठेवून दिलं. तिथे ते उंदरांनी खाल्लं. तुमच्या यादीत ‘ठेवून देणे’ हेही लिहा, कारण खेड्यातल्या बाईच्या वाट्याला बहुतेक हेच आलेलं असतं.

आणि दुसरं. आम्ही ‘वेचतो’. पहाटे दव असताना कापूस वेचायला गेलं तर सरकी ओली लागते, मग ऊन चढायची वाट बघायची. पांढरं बोंड ओट्यात, कवडी म्हणजे खराब कापूस वेगळा, किडकं झाडालाच. हे मला मुकादमाने शिकवलं नाही. हातानेच शिकवलं. एखादीने चुकून कवडी घेतली म्हणून कोणी तिला अख्ख्या वावरात यायचं बंद करत नाही. शाळेच्या पुस्तकात ‘वेचे’ असायचे, निवडलेले उतारे. तेव्हा मला वाटायचं वाचणं आणि वेचणं हे एकाच घरचे शब्द असतील. गुरुजी, आहेत का?

निवृत्त शिक्षक, अमरावती जिल्हा

ताई, तुमचं ‘ठेवून दे’ मी माझ्या वहीत लिहून घेतलं आहे. कोशात ते या अर्थाने सापडायचं नाही, पण अर्थ अगदी पक्का आहे.

वाचणे आणि वेचणे यांचं नातं मी ठामपणे सांगणार नाही. मात्र ‘वाचणे’ आपल्याकडे दोन आहेत. पुस्तक वाचणे हा संस्कृत ‘वच्’ धातूकडून, म्हणजे बोलणे, बोलवून घेणे याकडून आला. पूर्वी वाचणं मोठ्यानेच असे, एकाने पोथी वाचायची आणि ओसरीवर दहा जणांनी ऐकायची. दुसरा वाचणे, म्हणजे जीव वाचणे, तो हिंदीतल्या ‘बचना’चा भाऊ. मूळं निरनिराळी, पण बोलताना आपण दोघांना एकाच आवाजात आणून बसवलं. ‘वाचाल तर वाचाल’ असं शाळेच्या भिंतीवर लिहायला मराठी माणसाला काही कष्ट पडत नाहीत ते यामुळे.

‘ग्रंथ’ शब्दातही बांधणं आहे. सुटी पानं दोऱ्याने ओवून एकत्र ठेवली म्हणजे ग्रंथ. त्यावर कापड गुंडाळलं की ते बासन. ‘बासनात गुंडाळून ठेवणे’ हा आजचा वाक्प्रचार ऐकून लोकांना वाटतं, बासन म्हणजे विसरायची जागा. मूळ बासन तर जपण्यासाठी होतं. माझी आजी सकाळी ते सोडायची आणि वाचून झालं की पुन्हा बांधायची. रोज सुटत होतं तोवर ते बासन होतं.

आमच्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचं उदाहरण या जागी द्यावंसं वाटतं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केलं ते इथे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यातल्या एका लिपीचं नाव ‘सकळ’. सकळ म्हणजे सगळे, आणि लिपी मात्र सगळ्यांना वाचता न येणारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची उकल अभ्यासकांपुढे आली, तोवर मराठीचा इतका जुना गद्यठेवा बाहेरच्या वाचकाला जवळजवळ बंदच होता. त्यांनी तो जपला म्हणून आपल्यापर्यंत आला, हे ऋण मी मनापासून मानतो. पण मधली काही शतकं मराठी वाचकाची गेली, हेही खरंच.

सरपंचांचा भाऊ, चंद्रपूर जिल्हा

सगळं वाचलं. मला एक पटत नाही. दारूबंदी आपण बायांच्या भल्यासाठी मागितली ना? मग गावाला एखादं पुस्तक घातक वाटलं तर त्याला बंदी का नको? शब्द तोच, न्यायही तोच लावा.

ग्रंथपाल, आर्वी तालुका

भाऊ, हाच प्रश्न समितीत आला होता, म्हणून मनापासून उत्तर देतो. दारूचं दुकान बंद करायला बाया मतदानाला उभ्या राहिल्या, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. त्यांनी रोज घरात सोसलेलं होतं, त्यावर त्या शिक्का मारत होत्या. आमच्या समितीत मी विचारलं, पुस्तक कोणी कोणी वाचलं? एकाही माणसाने हात वर केला नाही. ज्या सात जणांनी वाचलं, त्यांतल्या एकालाही बोलावलं नव्हतं. दारूचा घोट पिणाऱ्याला न विचारता अंगात भिनतो. पुस्तक पटलं नाही तर पान पाचवरही मिटून ठेवता येतं. मला ही दोन दुकानं एका ओळीत बसवता येत नाहीत.

अजून एक शब्द मला रात्री आठवला : वाळीत टाकणे. पुस्तक कपाटात आहे, दिसतं, पण हात कोणी लावायचा नाही, नाव कोणी घ्यायचं नाही. हे अगदी वाळीत टाकल्यासारखंच आहे. माणसाला वाळीत टाकू नये म्हणून महाराष्ट्रात २०१६ सालचा कायदा आहे. पुस्तकासाठी तसलं काही नाही.

वकील, नागपूर

दादा, तुम्ही वर्धा जिल्ह्यातले, म्हणून एक गोष्ट सांगते. पुढे सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींचं ‘हिंद स्वराज’ १९१०मध्ये इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात सरकारजमा केलं होतं. ६ एप्रिल १९१९ला, रौलेट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या पहिल्या दिवशी, त्यांनी आणि सरोजिनी नायडूंनी ते आणि ‘सर्वोदय’ मुंबईच्या रस्त्यावर उघड विकलं. किंमत चार आणे. लोक खिशात असेल ते देत होते, एका प्रतीला तर पन्नास रुपये आले, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. आणि सरकारने काय म्हणावं? ही नवी छापलेली प्रत आहे, बंदी होती ती आधीच्या आवृत्तीवर, तेव्हा गुन्हा झालेला नाही. अटकेच्या तयारीने आलेल्यांना अटकच झाली नाही.

उलट टोकाचं उदाहरण सावरकरांच्या ‘१८५७चे स्वातंत्र्यसमर’चं. १९०९ साली ते छापून हातात येण्याआधीच त्यावर बंदी आली आणि उठली १९४६मध्ये. पुस्तक नसतानाच बंदी, आणि तीही सदतीस वर्षं. तरी ते लपूनछपून हातोहात फिरत राहिलं.

हे यासाठी सांगितलं की आदेशातले शब्द नीट वाचा. किती थांबवलंय आणि किती नाही, हे त्या शब्दांतच असतं.

ग्रंथपाल, आर्वी तालुका

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि ठरावबुक काढलं. ‘देवघेवीतून बाजूला ठेवावे’ एवढंच आहे. देवघेव म्हणजे नोंद करून पुस्तक घरी देणं आणि परत घेणं. बाकावर बसून वाचणं ही देवघेव नव्हे, त्याची नोंदच माझ्याकडे होत नाही.

काल अध्यक्षांच्या घरी जाऊन हे त्यांना सांगितलं. मागून केलं असं मला व्हायला नको होतं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ठरावात जे आहे ते आहे.

शेऱ्यात असं लिहिलं : ‘स्थिती चांगली. देवघेव थांबविली, समिती ठराव.’ खाली तारीख आणि सही. बंदी नाही, बाद नाही, राखीव नाही. उद्या जो कोणी ही नोंदवही उघडेल त्याला काय झालं ते कळेल.

आज दुपारी अकरावीतली एक मुलगी आली. “ते पुस्तक कायले दडवलं जी? वाचलं नाई त समजन कसं?” मी कपाट उघडून तिला दिलं आणि बाकावर बसून वाच म्हटलं. साडेपाचला मी दिवे मालवायला लागलो तेव्हा ती चौसष्टाव्या पानावर होती. एसटीचं तिकीट खुणेला घालून गेली. पुस्तक कपाटात ठेवलंय, तिकीट तसंच आहे.