नाण्याचा ‘ठसा’ म्हणजे नेमकं काय?

मोडीवाचक: काही लेखांत ‘ठसा’ म्हणजे कोरलेलं हत्यार, तर काहींत नाण्यावर उमटलेली छाप. बरोबर काय? आणि शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, ‘श्री राजा शिव’ अख्खं का दिसत नाही?

खुर्दा: दोन्ही बरोबर. ठसा ‘कोरला’, ‘झिजला’, ‘तडकला’ म्हटलं की हत्यार. ‘उमटला’, ‘पुसट झाला’ म्हटलं की छाप. हत्यारावर अक्षरं उलटी आणि खोलगट कोरतात, म्हणून नाण्यावर सुलटी, उठावाची येतात. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवायचा, वर तांब्याची चकती, तिच्यावर हातात धरलेला दुसरा ठसा, मग हातोड्याचा घाव. चकती ठशापेक्षा लहान असली की कडेची अक्षरं बाहेरच राहतात. दुसऱ्या बाजूच्या ‘छत्रपति’चंही तेच: एखाद्या शिवराईवर ‘छत्र’ दिसतं आणि ‘पति’ गायब. घाव बसताना ठसा हलला तर अक्षरं दुहेरी येतात. त्यावरून नाणं खोटं ठरवू नका.

सराफकट्टा: ‘साचा’ मात्र वेगळा. त्यात धातू ओततात. ओतीव नकलेवर बारीक खड्डे पडतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि काठावर जोडाची रेघ सापडते, घासली नसेल तर! याउलट तडकलेल्या ठशाची खूण म्हणजे नाण्यावरची उंच रेघ, कारण धातू त्या भेगेत शिरतो. खोल रेघ असेल तर तो बहुधा नंतरचा ओरखडा.

मोडीवाचक: म्हणजे ‘ठसठशीत’ अक्षर यातलंच?

खुर्दा: हो, त्याच कुळातलं.