माहितीपटात प्रसंग घडवून दाखवला तर ती फसवणूक होते का?

निळी_शाई

मी माझ्या मोठ्या मावशीवर अर्ध्या तासाचा माहितीपट करते आहे. मावशी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायची. नवऱ्याचं घर सोडून शेवटपर्यंत एका खोलीत एकटी राहिली. मागे उरली एक ट्रंक: पत्रं, हिशेबाच्या वह्या आणि दोन फोटो. दोन्ही फोटो लग्नातले. म्हणजे ज्या आयुष्याबद्दल मला सांगायचंय, त्यातलं एकही चित्र माझ्याकडे नाही. आई आणि धाकटी मावशी तिच्याबद्दल भरभरून बोलतात, पण कॅमेरा काढला की दोघी उठून आत जातात. "आवाज घे, तोंड नको."

म्हणून मी मामेबहिणीला मावशी करून काही दृश्यं शूट केली. दिव्याखाली पत्र लिहिताना, आतून कडी घालताना, वही उघडून नुसतीच बसलेली. त्यावर जुन्या फिल्मचा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, चढवला. बघताना आवंढा येतो, खरंच. पण आमच्या फिल्म क्लबातल्या एका ज्येष्ठांनी पाचच मिनिटांत निकाल दिला: "ही डॉक्युमेंटरी नाही, नाटक आहे. प्रेक्षकाला फसवताय."

बायकांनी केलेल्या माहितीपटांत असं कोणी केलंय का? केलं असेल तर कसं निभावलं?

कात्रीवाली

त्या ज्येष्ठांना 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' आवडत असेल की नाही ते विचारा. 1922 सालचा, माहितीपटाचा आद्यपुरुष म्हणून शिकवला जातो तो. त्यातलं बर्फाचं घर आत उजेड यावा म्हणून एका बाजूनं उघडं बांधलेलं होतं. दिग्दर्शक फ्लाहर्टीनं केलं की ती कला, तुम्ही केलं की नाटक. असो.

मी एडिटर आहे, त्यामुळे एडिटिंग टेबलावरूनच बोलते. कोणाच्या आयुष्याचं फुटेज सापडतं? ज्याच्याकडे कोणीतरी कॅमेरा वळवला त्याचं. घरातला कॅमेरा बाहेर निघतो लग्नाला, वाढदिवसाला, सहलीला. भांडण झाल्यावर स्वयंपाकघरात एकटी उभी राहिलेली बाई कोणी शूट करत नाही. तुमचे दोन्ही फोटो लग्नातले निघाले हा योगायोग नाही.

मिशेल सिट्रनचा 'डॉटर राइट' (1978) मिळवून बघा. त्यात घरगुती 8 मिमी फिल्म आहे, लहानपणीची, हसरी. सिट्रननं ती ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मची चौकट-चौकट पुन्हा छापणाऱ्या यंत्रावर, संथ केली, तेच तेच तुकडे पुन्हा फिरवले. मग हसण्याच्या आधी आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते दिसायला लागतं. मुलीनं पाठ फिरवली तो क्षण दिसतो. वरून एक मुलगी आईबद्दल बोलते आहे, आणि ते बोलणं त्या हसऱ्या चित्राशी अजिबात जुळत नाही. मधेमधे दोन बहिणी येतात. हातात धरलेला कॅमेरा, अडखळणं, एकमेकींचं वाक्य तोडणं, सगळं शंभर टक्के खरं वाटतं. शेवटच्या क्रेडिट्समध्ये कळतं की त्या दोघी नट्या आहेत. मी शिकाऊ एडिटर मुलामुलींना हा दाखवते तेव्हा निम्मे चिडतात. चिडू देत. आपण कशावर विश्वास ठेवला होता? थरथरत्या कॅमेऱ्यावर! तो तर कोणीही थरथरवू शकतो.

ट्रिन टी. मिन्-हा यांच्या 'सरनेम व्हिएत गिव्हन नेम नाम' (1989) मध्ये व्हिएतनाममधल्या बायका मुलाखती देतायत असं आपण धरून चालतो. त्या मुलाखती मुळात दुसऱ्याच एका लेखिकेनं घेऊन पुस्तकात छापलेल्या. पडद्यावर ते शब्द बोलतात अमेरिकेत जाऊन राहिलेल्या व्हिएतनामी बायका. पुढे त्याच बायका स्वतःच्या आयुष्याबद्दल, स्वतःच्या तोंडानं बोलतात, आणि आधीचं सगळं मनात उलटंपालटं होतं.

तुमच्या सगळ्यात जवळचा म्हणजे सारा पॉलीचा 'स्टोरीज वी टेल' (2012). आई वारली तेव्हा सारा 11 वर्षांची होती. खऱ्या घरगुती फिल्ममध्ये तिनं नटीला आई करून सुपर 8 वर, म्हणजे जुन्या घरगुती फिल्मवर, काढलेले तुकडे इतके बेमालूम मिसळलेत की माझ्यासारखीलाही सांधा सापडला नाही. पण पुढे ती स्वतःच त्या नटांना सूचना देताना दिसते. म्हणजे पत्ते उघडते.

माझं मत विचाराल तर प्रसंग घडवला का, हा प्रश्नच फिजूल आहे. प्रेक्षकाला ते कधी कळतं, हे ठरवा. आधी, मधे, शेवटी, काहीही चालेल. पण कळलं पाहिजे, आणि फिल्मच्या आत कळलं पाहिजे, नंतरच्या चर्चेत नव्हे. तुमच्या वर्णनात ही जागा मला कुठेच दिसली नाही. आणि ग्रेन काढा. आज काढलेल्या चित्राला जुनेपणाचा बुरखा कशाला? मामेबहीण आजची मुलगी आहे, तशीच दिसू दे.

आई आणि धाकट्या मावशीसाठी क्लिओ बर्नार्डचा 'द आर्बर' (2010) बघा. नाटककार अँड्रिया डनबर आणि तिच्या मुलींची गोष्ट. घरच्यांचे आवाज आधी रेकॉर्ड केले आणि त्या आवाजांवर नटांनी फक्त ओठ हलवले. अगदी सुरुवातीलाच पाटी टाकून हे सांगितलंय. सांगूनही परिणाम तसूभर कमी होत नाही, उलट वाढतो.

भिंगरी

आपल्याकडचं विसरू नका. दीपा धनराज आणि सोबत्यांचा 'युगांतर' गट. पुण्यातल्या घरकामगार बायकांवरची 'मोलकरीण' (1981), निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवरची 'तंबाखू चाकिला ऊब आली' (1982). मग 1983 मध्ये हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर घरातल्या मारहाणीवर 'इदी कथा मात्रमेना' केली, ती मात्र अभिनय करून. चर्चेतून प्रसंग उभे केले. बंद दाराआडची मारहाण 'घडताना' शूट करायची म्हणजे काय करायचं होतं? या फिल्म्स बर्लिनच्या आर्सेनल संस्थेनं डिजिटल करून जपल्यात.

दुसरी_बाजू

कात्रीवाली, तुमचं सगळं प्रेक्षकाबद्दल झालं. जिची गोष्ट आहे तिचं काय? कौथर बेन हनियाचा 'फोर डॉटर्स' (2023) बघून मी दोन दिवस अस्वस्थ होते. ट्युनिशियातली ओल्फा, तिच्या दोन मुली लिबियात इस्लामिक स्टेटकडे गेलेल्या. त्या दोघींच्या जागी नट्या, आणि घरी उरलेल्या दोन मुली खऱ्या. त्या मुलींनी स्वतःचं लहानपण पुन्हा जगायचं. सगळ्या पुरुषांच्या भूमिका करणारा नट एका प्रसंगात थांबतो, कॅमेरा बंद करा म्हणतो. नटाला जे झेपलं नाही ते त्या मुलींकडून करवून घ्यायचं? आणि इथे तर मावशी हयातच नाही. पत्रं तिनं फिल्मसाठी लिहिली होती का?

कात्रीवाली

मला तो प्रसंग उलटा दिसतो. नट थांबला तेव्हा पुढे जायचा आग्रह त्या मुलीचा होता, आणि बेन हनियानं ती ओढाताण कापून टाकली नाही, आपल्यासमोर ठेवली. तिथेच फिल्म जिंकते. ओल्फाचं मात्र मला पटत नाही. आपली भूमिका करणाऱ्या नटीला ती सूचना देते तेव्हा ती कबुली देते आहे की स्वतःची बाजू रंगवते आहे, हे फिल्म नीट विचारतच नाही.

पत्रांचा मुद्दा तुमचा बिनतोड. मोना हातूमच्या 'मेझर्स ऑफ डिस्टन्स' (1988) मध्ये बैरूतहून आलेली आईची पत्रं लेक वाचते, पडद्यावर आईचे न्हाणीघरातले फोटो आणि त्यावर पत्रातल्या अरबी ओळी, तारेच्या जाळीसारख्या. पण ते फोटो आईनं काढू दिले होते, आणि वडिलांना ते रुचलं नव्हतं हेसुद्धा पत्रांत येतं. मावशीला विचारायची सोय नाही. म्हणून मी तुमच्या जागी असते तर पूर्ण पत्र एकही वाचलं नसतं. हिशेबाच्या वह्या घेतल्या असत्या.

निळी_शाई

ग्रेन काल रात्रीच काढला. बहिणीचा चेहरा एकदम ओळखीचा झाला आणि आधी जरा राग आला, पण ठीक वाटतंय. तिला मावशीची वही वाचता येत नव्हती, अक्षर लागत नव्हतं, त्यावरून आमची वादावादी झाली. ती शूट झाली आहे, मी फेकून देणार होते. ती ठेवली तर पत्ते उघडल्यासारखं होईल ना? आणि आईच्या आवाजावर ओठ कोणी हलवायचे, बहिणीनंच का?

कात्रीवाली

वादावादी ठेवा, पहिल्या दहा मिनिटांत. ओठ मात्र दुसऱ्या कोणाचे तरी. एकच मुलगी मावशीही आणि आईही झाली तर अर्ध्या तासाच्या फिल्ममध्ये गोंधळ उडेल. आधी आवाजाचं एडिटिंग पक्कं करा, मगच नटीला द्या. खोकला, श्वास, "थांब, गॅस बंद करून येते" असलं काही साफ करू नका. ओठ हलवणारीला त्याच खुणा धरून चालायचं असतं. आणि आईला रफ कट, म्हणजे कच्ची जुळणी, आधी दाखवा, क्लबाला नंतर.