शाळेची कमान की मुलींचे बूट? माजी विद्यार्थ्यांचा पैसा खेळासाठी जावा का?

माणदेशी_९८
आमच्या दहावीच्या बॅचचा मेळावा गेल्या दिवाळीत झाला. वर्गणी चांगली जमली. मंडप, जेवण, गुरुजनांच्या शाली-श्रीफळ सगळं होऊन एक लाख ऐंशी हजार उरले. ग्रुपवर मतं घेतली आणि ठरलं, की शाळेच्या दारात दगडी कमान उभारायची आणि वर बॅचचं नाव कोरायचं. मी विरोधात मत दिलं. माझ्यासारखे आणखी चौघं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शाळेच्या सतरा वर्षांखालच्या मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्यात पहिला येऊन विभागाला गेला. मी रजा टाकून बघायला गेले, कारण शाळेच्या मैदानावर मी स्वतः पाच वर्षं खेळले आहे. सामने मॅटवर होते. आमच्या पोरी मुरमाच्या मैदानावर अनवाणी सराव करणाऱ्या. बारा जणींत बुटांचे जोड पाच. संरक्षणाला तिघींची तुकडी उतरते. पहिल्या तुकडीत तिघींच्या पायात बूट होते, दुसऱ्या तुकडीत दोघींच्या. तिसऱ्या तुकडीतल्या पोरी पहिल्या तिघींचे घामेजलेले बूट घालून, पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबून बसल्या होत्या. त्यातली एक, आठवीतली, खांबाला वळसा घेताना घसरली. मिनिटभरही टिकली नाही. दोन गुणांनी हरलो.

ती रडली नाही. खाली बसली, बुटातला कागद काढला, सरळ केला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. परतीच्या एसटीत मी त्यांच्याबरोबरच होते. महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढं तरी भागलं. बाकीचे पैसे घरून आणलेले.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने महिन्याला शंभर रुपये द्यावेत आणि ते फक्त खेळासाठी वापरावेत. बूट, स्पर्धेच्या दिवसांचं जेवण आणि प्रशिक्षकाचं मानधन. कमान नको. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ता_सातारा
ताई, तुमची तळमळ कळते, पण मी याच्या विरोधात आहे आणि का ते सविस्तर लिहितो.

शाळा अनुदानित आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याच्या निकषांत खेळाचं मैदान आहे. शालेय स्पर्धा शासनाचंच क्रीडा खातं भरवतं, तालुक्यापासून राज्यापर्यंत. म्हणजे पोरांना खेळवायचं हे शासनानेच मान्य केलंय. मग बूट कोणी द्यायचे? आपण दिले तर ही जबाबदारी कायमची आपल्या गळ्यात पडते.

मी याच भागातल्या दुसऱ्या एका शाळेचा माजी विद्यार्थी आहे. आमचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले, पद भरलं गेलं नाही. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एक तरुण मानधनावर ठेवला. चांगला मुलगा होता, जीव तोडून शिकवायचा. त्यानंतर पद भरा म्हणून कुठेही गेलं की एकच उत्तर मिळायचं, "तुमच्याकडे तर प्रशिक्षक आहे." तीन वर्षांनी आमची वर्गणी आटली, मुलगा गेला, आणि आता पदही नाही, प्रशिक्षकही नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण ठेवलं. त्यांच्या गावच्या, गोळेश्वरच्या लोकांनीही जमेल तसं दिलं. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं आलं. खर्डेकरांना माझा दंडवत. पण सत्तर वर्षांनीही कोणाला तरी असंच खिशात हात घालावा लागत असेल, तर ती अभिमानाची गोष्ट राहत नाही.

माणदेशी_९८
@स्पष्टवक्ता, पद भरण्यासाठी भांडायलाच हवं, मी सही करायला तयार आहे. पण सतरा वर्षांखालच्या गटातली मुलगी पुढच्या वर्षी त्या गटात असेलच असं नाही. फाईल हलेपर्यंत तिचं वय निघून जातं. माणमधल्याच मोहीची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. मग धावायला लागली आणि २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय. अशी पोर आमच्या त्या बारा जणींत नसेलच, हे कोणी सांगावं?

निवृत्त_पीटी_सर
एकतीस वर्षं शिट्टी गळ्यात होती, म्हणून लिहितो.

माजी विद्यार्थ्यांचा पैसा मी दोनदा घेतला. पहिल्यांदा एका बॅचने क्रिकेटचं किट दिलं, पॅड, हेल्मेट, सगळं नवंकोरं. आमच्याकडे कबड्डी आणि खो-खो चालायचं. पोरांना हवे होते गुडघ्याचे पट्टे आणि चुन्याची पोती. किट कपाटात राहिलं आणि उंदरांनी पॅड कुरतडले. देणाऱ्यांनी विचारलंच नव्हतं काय हवंय.

दुसऱ्या वेळी एका मोठ्या कंत्राटदाराने रोख रक्कम दिली. मनापासून दिली, खोटं का बोलू. चार महिन्यांनी फोन आला, "सर, पुतण्याला जिल्ह्याच्या संघात घ्या, प्रमाणपत्र मिळालं की दहावीला सवलतीचे गुण मिळतात." मी नाही म्हणालो. पोरगा धावत नव्हता, त्याला घेतला असता तर एक धावणारा बाहेर बसला असता. पुढच्या वर्षी पैसे बंद झाले आणि संस्थेत माझ्याविरुद्ध अर्जही गेला.

म्हणून ताईंना माझा पाठिंबा आहे, पण एका अटीवर. देणाऱ्याने संघनिवडीच्या वेळी मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. आणि देण्याआधी पोरांना विचारायचं. बूट सगळ्यांना दिसतात. पण सकाळी साडेपाचला उपाशी पोटी सरावाला येणाऱ्या पोरीला रोज दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ मिळाला, तर सहा महिन्यांत तिची धाव बदलते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही.

डॅलसकर
मी साताऱ्याचाच, वीस वर्षं टेक्ससमध्ये. इथे हायस्कूलच्या खेळांना पालक आणि माजी विद्यार्थी मिळून पैसा उभा करतात, त्यांच्या मंडळाला बूस्टर क्लब म्हणतात. माझी मुलगी शाळेकडून धावते. शुक्रवारी संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्याला मी स्वतः खाद्यपदार्थांच्या खिडकीवर उभा राहतो. त्या विक्रीतून बसचं भाडं निघतं.

तरीही सावध करतो. आमच्या शेजारच्या ॲलन गावात २०१२ साली सहा कोटी डॉलर खर्चून शाळेचं स्टेडियम बांधलं, अठरा हजार आसनांचं. दोन वर्षांत काँक्रीटला भेगा गेल्या आणि ते बंद ठेवावं लागलं, २०१५ ला पुन्हा उघडलं. ते करदात्यांच्या रोख्यांतून झालं, देणग्यांतून नव्हे, पण ओढ तीच, डोळ्यांत भरेल असं काहीतरी उभं करायची. आणि देणग्यांचं म्हणाल तर श्रीमंत वस्तीतल्या शाळेचा क्लब भरलेला असतो, गरीब वस्तीतल्या शाळेचा रिकामा. ताईंची बॅच पुण्यात नोकऱ्या करते म्हणून शंभर रुपये देईल. शेजारच्या वाडीवरच्या शाळेची बॅच ऊसतोडीला जात असेल, तर तिथल्या मुलींचं काय?

इथले दोन नियम मात्र घेण्यासारखे आहेत. १९७२ चा टायटल नाइन नावाचा कायदा आहे. बूस्टर क्लबने मुलांच्या संघाला पैसा आणला, तरी मुलींना त्या तोडीच्या सोयी मिळतायत की नाही हे पाहणं शाळेवर बंधनकारक असतं. पैसा बाहेरून आला ही सबब चालत नाही. दुसरं, करमाफी घेणाऱ्या क्लबला एकेका मुलाच्या नावाने खातं ठेवता येत नाही. ज्याच्या बापाने जास्त आणले त्याच्या पोराला जास्त, हे चालत नाही.

आणि पाठवायचं म्हटलं तर आमची अडचणही ऐका. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यामुळे बँकेमार्फत मी सरळ देऊ शकतो. पण इथलं नागरिकत्व घेतलेल्या माझ्या वर्गमित्राचे पैसे परदेशी देणगी ठरतात. शाळेच्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, तर तिला ते घेता येत नाहीत. ग्रुपवर आकडा टाकण्याआधी हे बघा.

खेळाडूची_आई
मी एकदाच लिहीन.

माझी लेक राज्याला खेळली, कबड्डी. चौकात तिचा बॅनर लागला. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी हार घातला, पाच हजारांचं पाकीट दिलं. आठ महिन्यांनी सरावात गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रियेला आम्ही सोनं मोडलं. त्या दिवसांत कोणी आलं नाही. बॅनर तेव्हाही चौकात होता, उन्हाने तिचा चेहरा पांढरा पडला होता. रिक्षातून दवाखान्यात जाताना ती त्याच्याकडे बघायची नाही.

तुम्ही पैसे जमवणार असाल तर पहिला हप्ता विम्याचा भरा. संघातल्या प्रत्येक मुलीचा. मग बूट.

माणदेशी_९८
ताई, हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या यादीत विमा नव्हता. आता पहिला तोच.

प्रयोगशाळा_आधी
मी दुसरी बाजू मांडते, राग मानू नये. मी विज्ञान शिकवते. शाळेत सहाशे मुलं असतील तर संघात खेळणारी पन्नास-साठ. माझ्या प्रयोगशाळेत एका काचनळीवर आठ जण, मुलं लांबून बघून प्रयोग वहीत उतरवतात. माजी विद्यार्थ्यांचा पैसा मोजकाच असतो. तो बारा जणींच्या बुटांना जाणार आणि सहाशे जणांच्या प्रयोगशाळेला नाही, हे मला पटत नाही. जिंकणाऱ्या संघाचं नाव पेपरात येतं म्हणून देणारेही तिकडेच ओढले जातात. आणि खरं सांगायचं तर बहुतेक खेळाडू दहावीनंतर खेळ सोडतात. मुली तर नक्कीच, घरचे सोडायला लावतात.

निवृत्त_पीटी_सर
बाई, शेवटचं वाक्य खरं आहे आणि माझ्या मते तेच आमच्या बाजूने आहे. मुलगी पुढे खेळो न खेळो, जी चार वर्षं जिल्हाभर फिरली, अनोळखी गावच्या शाळेत सतरंजीवर झोपली, पंचाशी हुज्जत घालायला शिकली, ती घरच्यांसमोर "मला अजून शिकायचंय" हे वाक्य पूर्ण बोलते. माझ्या किती विद्यार्थिनींचं लग्न त्यामुळे पुढे ढकललं गेलं, ते मला माहीत आहे.

पण बारा विरुद्ध सहाशे, हे तुमचं बरोबर आहे. मैदान सगळ्यांचं व्हायला हवं.

माणदेशी_९८
बाई, तुमचा मुद्दा दोन दिवस डोक्यात होता. मीही संघाचाच विचार करत होते, कारण मी संघात होते. आमच्या वर्गातल्या ज्या मुली कधीच मैदानावर उतरल्या नाहीत, त्या कडुलिंबाखाली दप्तरं सांभाळत बसायच्या. त्यांचं नावही मला आठवलं नव्हतं. मैदान सपाट करून, पाणी मारून रोज संध्याकाळी तासभर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, तर त्याला मी संघाइतकंच महत्त्व देईन. प्रयोगशाळेसाठी मात्र वेगळी वर्गणी काढा, मी त्यातही देईन. एकाच ताटातून वाढायचं ठरलं की खेळाच्या वाट्याला शेवटी काही उरत नाही, हा माझा पाच वर्षांचा अनुभव आहे.

स्पष्टवक्ता_सातारा
माझं मत बदललेलं नाही. प्रशिक्षकाच्या मानधनाला माझा विरोध कायम. ते पद शासनाचं आहे, ते आपण झाकायचं नाही. ताईंच्या शाळेत ते पद कधीपासून रिकामं आहे, यासाठी मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो. विमा, खाणं, बूट यासाठी दिलं तर माझी हरकत नाही.

आणि व्यवहार नीट करा. पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात नकोत. नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यावा लागतो, तेच बरं. देणगीवर आयकरात सवलत हवी असणाऱ्यांनी दोन हजारांच्या वर रोख देऊ नये, रोखीवर ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ती तशीही मिळत नाही, म्हणून सवलतीच्या आशेवर वर्गणीचा हिशेब मांडू नका.

माणदेशी_९८
काल ग्रुपवर पुन्हा मतं घेतली. कमान रद्द झालेली नाही, साधी लोखंडी होणार. एक लाख दहा हजार खेळासाठी बाजूला निघाले. मानधन तूर्त काढून टाकलंय, स्पष्टवक्ता यांच्यामुळे. त्यावर आमच्यात अजून वाद आहे आणि माझं मन अजून मानत नाही.

रविवारी मुलींना विचारायला गेले, सरांनी सांगितलं तसं. मला वाटलं बूट म्हणतील. त्या आठवीतल्या पोरीने मला हाताला धरून खांबापाशी नेलं. उत्तरेकडचा खांब आमच्या वेळेपासून तडकलेला, त्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली. पट्टीचा कोपरा उचकटलाय. तिने तळहात उघडून दाखवला, अंगठ्याच्या बुडाशी तीन जुन्या खुणा. म्हणाली, "बूट नंतर द्या, आधी हा बदला. वळताना हात लावायची भीती वाटते."

सर, खांबाचं माप सांगाल का?

निवृत्त_पीटी_सर
जमिनीच्या वर १२० ते १२५ सेंटीमीटर, जाडी वरपासून खालपर्यंत एकसारखी, नऊ ते दहा सेंटीमीटर व्यासाची. सुताराला सांगा, वरची कड गोल आणि गुळगुळीत घास. रोवताना हलता कामा नये. बुधवारी येतो मी, दोन्ही खांब बदलू.