गाडी तापली की बंद पडते (गेट अडवल्याबद्दल सॉरी)

बी-३०२: सकाळी गेटमध्येच गाडी उभी राहिली, सगळ्यांची माफी. २००४ची पेट्रोल गाडी आहे. थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं चालवली की बंद. अर्ध्या तासाने परत सुरू, जसं काही झालंच नाही. प्लग, पेट्रोल फिल्टर बदलून झाले. गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी चालते 😡

ए-१०४: टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप गेलाय. बदलून टाका.

सी-२०१: प्लगला करंट देणारी कॉइल असणार. मेव्हण्याच्या गाडीला सेम टू सेम.

डी-५०१: जुन्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) गाड्या असंच करायच्या. पाइपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप बिचारा वाफ ओढत बसायचा. आम्ही पंपावर ओला फडका टाकून गप्पा मारत बसायचो.

बी-३०२: काका, माझी इंजेक्शनची आहे.

ई-४०३: इंजेक्शनच्या लाइनमध्ये पेट्रोल दाबाखाली असतं, त्यामुळे वाफेचा त्रास क्वचित. पण काका, फडका तयार ठेवा 😄
३०२, आता अंदाजाने एकही पार्ट बदलू नका. गाडी थंड झाली की पुरावा गेला, म्हणून गॅरेजमध्ये काही सापडत नाही. बंद पडताना आचके देते की स्विच बंद केल्यासारखी जाते?

बी-३०२: स्विच बंद केल्यासारखी. आरपीएमचा काटा धाडकन खाली.

ई-४०३: आचके देत, दम लागल्यासारखी पडली असती तर आधी पेट्रोलकडे बघितलं असतं. एकदम जाते म्हणजे बहुधा करंटचं काही. पुढच्या वेळी पडली की आधी कडेला घ्या. स्टिअरिंग जड होईल. ब्रेक सारखा पंप करू नका, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो. मग नुसती चावी ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या, पंप दोन सेकंद गुणगुणतो का? त्यानंतर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का बघा.

सी-२०१: प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरायची, ठिणगी दिसते.

ई-४०३: हातात धरून अजिबात नको! हजारो व्होल्ट असतात. स्पार्क टेस्टर लावा, तोही पेट्रोलचा वास येत नसेल तरच.

ए-१०४: आणि माझा पंप?

ई-४०३: अजून सुटलेला नाही 😄 टाकीतल्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. कायम रिझर्व्हवर चालवणाऱ्यांचा लवकर तापतो.

बी-३०२: माझी टाकी अर्ध्याच्या वरच असते.

डी-५०१: टाकीचं झाकणही उघडून बघ. हवेची वाट बुजली की आत ओढ बसते, पेट्रोल पुढे जात नाही. उघडताना सुस्स करून जोरात हवा आत गेली तर समज.

एफ-१०२: चेक इंजिनचा दिवा?

बी-३०२: लागत नाही.

ई-४०३: दिवा नाही म्हणजे दोष नाही, असं नसतं.

*दुसऱ्या दिवशी*

बी-३०२: पडली! पंप गुणगुणला. सेल्फ मारताना काटा शून्याला चिकटलेला. टेस्टरवर ठिणगी नाही.

ई-४०३: इंजिनचं फिरणं टिपणाऱ्या क्रँक सेन्सरवर माझा संशय. त्यात केसाएवढ्या तारेची गुंडाळी असते. कुठे तडकली असेल तर तापल्यावर फट पडते, निवल्यावर टोकं परत टेकतात. इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही, मग ठिणगी कुठून देणार? चावी काढा, सेन्सरवर गार पाण्यात पिळलेला फडका धरा. हात सांभाळून, सायलेन्सरचा पाइप जवळ असतो.

बी-३०२: काकांचा फडका डिकीतच होता. हात जेमतेम पोचला, कोपर भाजलं. पण चार मिनिटांत सुरू!!

ए-१०४: पंप निर्दोष 🙏

ई-४०३: सेन्सर दोन वायरचा असेल तर गरम असतानाच काढून ओममीटर लावा. तीन वायरच्याला तसं मोजायचं नाही, त्याच्या आत बहुधा सर्किट असतं. कनेक्टरची वायरही हलवून बघा, कधी दोष तिथेच असतो.

बी-३०२: दोन वायरचा निघाला. गरम असताना मीटर काहीच दाखवत नव्हता, गार झाल्यावर साडेआठशे ओम. नवीन बसवला. काल तासभर चालवली, मग उभी करून चालूच ठेवली. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद झाला, गाडी ठणठणीत.

डी-५०१: माझा फडका?

बी-३०२: काका, तो आता ऑइलने काळा झालाय. नवीन देतो.