शेजाऱ्यांची ओळख व्हावी म्हणून घरी पार्टी: गरज की नसता उपद्व्याप?

बाराव्या मजल्यावरून
वाकडला नव्या फ्लॅटमध्ये येऊन सात महिने झाले. मजल्यावर चार दारं. शेजाऱ्यांबद्दल आजवर जमलेलं ज्ञान एवढंच: एकाकडे कुत्रा आहे, दुसऱ्याची कुरियर्स चुकून आमच्याकडे येतात आणि तिसऱ्यांचं दार कायम बंद. गेल्या आठवड्यात बायको बाथरूममध्ये घसरून पडली. तिने मला फोन केला, मी भूमकर चौकात अडकलेलो. शेवटी गेटवरचा वॉचमन वर आला. समोरचं दार वाजवावं हे तिला सुचलंच नाही, कारण हाक काय म्हणून मारायची तेच माहीत नाही.
आता ती म्हणते, कोजागिरीला मजल्यावरची तिन्ही घरं आणि वरचे-खालचे, अशी पाच घरं बोलावू. मला हे ओढूनताणून वाटतं. ओळख व्हायची तर होते आपोआप. काय वाटतं मंडळींना?

गॅलरीतली तुळस
सात महिन्यांत झाली का आपोआप? :)
आम्ही खराडीला राहायला आल्यावर महिन्याभरात मिसळ ठेवली होती. दोन गोष्टी सांगते. आमंत्रण व्हॉट्सॲपवर टाकू नका, दारात जाऊन द्या. निम्मी ओळख तिथेच होते. आणि वेळ 'सात ते नऊ' अशी सांगा, म्हणजे येणाऱ्याला निघता येतं. माझे सासरे आजारी पडले तेव्हा त्याच मिसळवाल्यांपैकी एकाने गाडी काढली होती.

निवांत एकटा
साफ असहमत. आज चहा, उद्या वाटीभर साखर, परवा वायफायचा पासवर्ड. शिवाय त्यांनी उलट बोलावलं की जावं लागतं, आणि जाताना रिकाम्या हाताने जाता येत नाही. तीन महिन्यांनी तुम्ही सोसायटीच्या कमिटीत असाल आणि पार्किंगवरून त्याच लोकांशी भांडत असाल. अडीनडीला फोन नंबर लागतो ना? मग चिठ्ठीवर लिहून दारात द्या. विषय संपला.

माजी चाळकरी
@निवांत, पार्किंगवरून भांडण तसंही होणारच. फरक इतकाच की नाव माहीत असलेल्या माणसाच्या गाडीची हवा सोडायला हात जरा कचरतो.
माझं बालपण गिरगावात गेलं. चाळीत कुणी ओळखीसाठी पार्टी दिल्याचं आठवत नाही, कारण ओळख बांधकामातच होती. सामायिक गॅलरी, सामायिक नळ, मजल्याच्या टोकाला संडास. न बोलून सांगता कुणाला! केशवजी नाईक चाळीतला गणपती १८९३ पासून बसतोय, तोही दारं उघडी असणाऱ्या माणसांच्या जोरावर. वरळीच्या बीडीडी चाळीतली मंडळी १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये जाऊ लागली आहेत. घर मोठं झालं याचा आनंदच आहे. पण गॅलरी गेली की तिचं काम कुणीतरी करायला हवं. मग कोजागिरीचं दूध आटवा नाहीतर काय करणार?

निवांत एकटा
चाळीचे गोडवे ऐकून कान किटले. कोण किती वाजता घरी आलं, कुणाकडे कोण पाहुणी उतरली, सगळ्याचा हिशोब पहिल्या मजल्यावर तयार. माझ्या आईने त्या गॅलरीपायी नोकरी सोडली होती. बंद दार ही आमच्या पिढीने पैसे मोजून घेतलेली गोष्ट आहे.

माजी चाळकरी
हे मात्र मान्य. आमच्याही ताईने पुष्कळ ऐकून घेतलं.

कढई आणि झारा
पुरुषमंडळींनी गॅलरीचं तत्त्वज्ञान सांगून झालं असेल तर विचारते: दूध कोण आटवणार? भांडी कोण घासणार? पंधरा माणसांत एक जैन, एकाला साखर नको, एका मुलाला सुक्यामेव्याची ॲलर्जी, हे डोक्यात कोण ठेवणार? माझा विरोध पार्टीला नाही, 'आपण बोलावू' मधल्या त्या 'आपण'ला आहे.
आणि हो, इथे कुणीतरी हळदीकुंकू सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. पहिल्या ओळखीसाठी ते नको. संक्रांत ते रथसप्तमी आमच्याकडेही वाणं लुटली जायची, पण खालच्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान गेले आणि त्या वर्षापासून त्यांना बोलावणंच थांबलं. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना आग्रहाने आणलं, तर दोघीजणी वाण न घेताच उठून गेल्या. तिसरी मात्र बसली.

११ महिन्यांचा करार
आम्ही तिघे बॅचलर भाडेकरू. चौथी सोसायटी. बोलावणं आजवर एकदाच आलं, तेही 'आवाज कमी करा' सांगायला. काका, तुमच्या पाचांत भाड्याचं घर आहे का? असेल तर त्यांनाही बोलवा. खुर्च्या उचलायला आम्हीच कामी येतो.

हॅम्बुर्गकर
इथे घरी पार्टी असली की बरेच लोक आधी जिन्यात चिठ्ठी लावतात: शनिवारी गडबड होईल, माफ करा, वाटलं तर तुम्हीही या. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, म्हणून ही आगाऊ माफी. माझी समोरच्या आजींशी ओळख त्या चिठ्ठीनेच झाली. पार्टीला त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र केक घेऊन आल्या आणि फोडणीचा वास कसला येतो म्हणून विचारून गेल्या. तेव्हा निवांत यांची चिठ्ठीही अगदीच वाया नाही.

निवांत एकटा
बघा. म्हटलं होतं.

बाराव्या मजल्यावरून
बायकोला सगळं वाचून दाखवलं. कढईताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. ठरलंय असं: दूध मी आटवणार, भांडी मी घासणार. खालच्या मजल्यावर तीन मुली भाड्याने राहतात असं वॉचमनकडून कळलं, त्यांनाही बोलावतोय. बंद दार काल मीच वाजवलं. आतून एक आजोबा आले, म्हणाले, "येतो, पण नऊला झोपतो."
एकूण चौदा माणसं. दूध किती घेऊ?

कढई आणि झारा
तीन लिटर म्हशीचं. आटून सव्वादोन होईल. सुकामेवा वेगळ्या वाटीत ठेवा, वरून घालायला. आणि ढवळणं सोडून इथे टाइप करत बसू नका, तळाला लागेल.