मदत हवी आहे: लग्नाचा बस्ता, कर्ज आणि आत्महत्यांचे आकडे

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं इतवारीत कापडाचं छोटं दुकान आहे. कापसाला भाव नसला की वर्धा-यवतमाळकडची गिऱ्हाईकं घरच्यांचे कपडे टाळतात, पण लग्नाचा बस्ता मात्र कमी करत नाहीत. चार लोकांत मान राहावा म्हणून तो उधारीवर नेतात. हे लहानपणापासून बघतोय, म्हणून प्रबंधाला हाच विषय घेतला: मिळकत घटली तरी न घटणारा खर्च, त्यातून वाढणारं कर्ज आणि आत्महत्या.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत, महाराष्ट्रात सर्वाधिक २२,७४६. देशभरच्या या मृतांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. पण कारणांच्या रकान्यात 'कौटुंबिक समस्या' सगळ्यात वर आणि 'कर्जबाजारीपणा' बराच खाली. मला हे पटत नाही. घरातल्या भांडणामागे सावकाराचा तगादा असेल, तर तो कुठल्या रकान्यात जातो?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डुर्कहाइमने १८९७ मध्येच मांडलं होतं की मंदीच नव्हे, अचानक आलेली भरभराटही आत्महत्या वाढवते. म्हणजे नुसती गरिबी मोजून भागणार नाही.

कुटुंबाचा खर्च आणि कर्ज जिल्हावार कुठे मिळेल? आणि ज्या घरात असं घडलंय तिथे जाऊन विचारावं का, कसं विचारावं? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सोबत ठेवणारच आहे, पण मला त्या माणसांना पुन्हा दुखवायचं नाही. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.