मदत हवी आहे: टीआय-८४ प्लसवर पाया बदलणारा प्रोग्राम ७ च्या पायाला अडतो

नमस्कार मंडळी,

टीआय-८४ प्लस कॅल्क्युलेटरवर, त्याच्या टीआय-बेसिक या भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिलाय. दशमान संख्या द्यायची, २ ते १६ मधला पाया द्यायचा. पद्धत शाळेतलीच, भागत जायचं आणि बाक्या उलट्या मांडायच्या. बाकी काढायला संख्या भागिले पाया करतो, एफपार्टने दशांश चिन्हापुढचा भाग घेतो आणि त्याला पायाने गुणतो. मग ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या स्ट्रिंगमधून सब (स्ट्रिंगचा तुकडा काढणारी आज्ञा) वापरून बाकी अधिक एक या जागेवरचं चिन्ह उचलतो.

२ आणि १६ ला चोख चालतं, २५५ चे एफएफ मिळतात. पण १०० ला ७ च्या पायात न्यायला गेलं की सबच्या ओळीवर एरर! बाकी वेगळी छापून बघितली तर स्वच्छ २ दिसते. ३ च्या पायालाही हीच रड. राउंड लावून वेळ मारून नेता येईल, पण मुळात असं का होतं?

प्रतिसाद १
दिसते २, पण ती २ नाहीच. हा कॅल्क्युलेटर आत १४ अंक सांभाळतो आणि स्क्रीनवर १० दाखवतो. १०० ÷ ७ म्हणजे आत १४.२८५७१४२८५७१४, पुढचं कापलं गेलं. ०.२८५७१४२८५७१४ गुणिले ७ करा, १.९९९९९९९९९९९८ येतात. सबला जागा पूर्णांकातच लागते, म्हणून तो हटून बसतो. २ किंवा १६ ने भागलं की दशांश कुठेतरी संपतो, ३ आणि ७ ने बहुधा संपत नाही. एवढंच.

राउंड नको, बाकी अशी काढा: संख्या − पाया × इंट(संख्या ÷ पाया). इंट म्हणजे फक्त पूर्णांक भाग. १०० − ७ × १४ = २, आणि ही खरीखुरी २. उत्तर २०२ यायला हवं.

प्रतिसाद २
टीआय-८९ या कॅल्क्युलेटरवर द्विमान आणि षोडशमान अंगचंच आहे, पण ७ साठी तिथेही प्रोग्रामच लिहावा लागेल.

धागाकर्ता
इंटने काम झालं, आभार! आता ० दिलं तर काहीच येत नाही, व्हाइल लूप सुरूच होत नाही. आणि उलटं, म्हणजे दशमानात कसं आणायचं?

प्रतिसाद १
व्हाइलऐवजी रिपीट घ्या. त्याची अट शेवटी तपासली जाते, त्यामुळे एक फेरी होतेच. उत्तराची स्ट्रिंग मात्र रिकामी ठेवून सुरू करू नका, रिकाम्या स्ट्रिंगला काही जोडायला गेलात की एरर येते. एक स्पेस ठेवा आणि शेवटी ती कापा.

उलट्या प्रवासात घातांक वगैरे नकोतच. डावीकडून एकेक चिन्ह घ्या, इनस्ट्रिंगने त्याच सोळा चिन्हांच्या स्ट्रिंगमध्ये त्याची जागा शोधा, एक वजा करा. दर वेळी जुनं उत्तर गुणिले पाया अधिक हा अंक. वजाबाकीनंतर −१ आला (म्हणजे चिन्ह सापडलंच नाही) किंवा अंक पायाएवढा वा मोठा निघाला, तर तिथेच थांबवा, नाहीतर ७ च्या पायात कुणी ९ टाकला तरी प्रोग्राम निमूटपणे काहीतरी उत्तर देईल.

३२ बिटांची सगळ्यात मोठी संख्या ४२९४९६७२९५, बरोबर १० अंकी, स्क्रीनवर मावते. ६४ बिटांच्या वाटेला मात्र जाऊ नका, तिथे २० अंक लागतात.